बेल वाजवून या

आई,
तुझ्या लांब राहणाऱ्या लेकीचा वाकून नमस्कार. खोकला आता बराच कमी आहे, उगाच काळजी करू नकोस. भिंतीची ओल घरमालकांनी काढून दिली. खिडकी रोज उघडायची, हे काम माझं.

एक आगाऊपणा केला बघ. घरमालक स्वतःच्या किल्लीनं कधीही आत यायचे. करारनामा पुढे धरून मी म्हटलं, "काका, घर तुमचं, पण राहते मी. आदल्या दिवशी कळवा आणि बेल वाजवून या." ते ओशाळले.

काल बेल वाजली आणि तूच आठवलीस. आपल्या भाड्याच्या खोलीत मालक केव्हाही डोकावेल म्हणून तू दुपारी कधी आडवी झाली नाहीस. गुडघे कसे आहेत?

ये इकडे. दार लावून दुपारभर झोप.

तुझीच,
धाकटी