ओलं फडकं

मोहम्मद बिन झायद सिटी, रविवार

आज वहीत लिहायला फार उशीर झाला. हातच चालत नव्हता.

सकाळी माझ्या मुलाने, विनायकने, लिवाच्या वाळवंटात नेलं. तिथल्या हस्तकलेच्या गावात एक अरब म्हातारी खजुराच्या ओल्या पातींची टोपली विणत होती. गावी आमची सुलू, विनायकची आई, झावळ्या भिजवून छपराचा झाप विणते, अगदी तशीच बसलेली. नमाजाला उठताना तिने अर्धी टोपली ओल्या फडक्याने झाकली. वाऱ्याने फडकं उडालं, मी परत घातलं. पुन्हा उडालं, पुन्हा घातलं. पात वाळली की तुटते.

नात म्हणाली, "आजोबा, इट्स ओके!"

विनायक हसला. "बाबा, तुम्हाला राखणीला ठेवलंय का? यल्ला, चला."

निघालो. म्हातारी आली नव्हती. फडकं राहिलं असेल का?

परवा सुलू फोनवर म्हणाली, चक्कर येतेय, झाप अर्धा टाकून पडलेय. तेव्हापासून फोन उचलत नाही. विनायक म्हणतो, रेंज नसेल. इतका वेळ? त्याला काही कळलंय आणि तो माझ्यापासून लपवतोय, असं तर नाही?

सुलू, झाप वाळला तर वाळू दे. कुणाच्याही फोनवरून एक शब्द कळव.