गजावरची खूण

कोहमारा
१ सप्टेंबर २०२५

चि. भोजराज यास बकारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे तुझी वहिनी नंदाबाई ठीक आहे. माझा डावा कान बंदुकीच्या आवाजानं आधीच गेला होता, आता उजवाही जाऊन राहिला आहे. म्हणून फोन करू नकोस, पत्रच टाक. फोनवर तू बोलतोस, मी हो-हो म्हणतो, आणि मग कशाला हो म्हटलं याची दिवसभर काळजी लागते.

धान पोटरीला आलं आहे. नागझिऱ्याच्या जंगलाकडून डुकरं येऊन राहिली आहेत. बाबांची भरमार बंदूक जुनी झाली. नळीत दारू घाला, चिंधी ठासा, छर्रे घाला, पुन्हा चिंधी ठासा, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवा. एवढं करेपर्यंत डुक्कर धानाच्या तीन बांध्या पलीकडे. शेजारचा चैतराम म्हणतो की काडतुसाची बारा बोअर घ्या. एकनळी घ्यावी की दुनळी? पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ती मिळते का? बाहेरची काडतुसं ओलीत फुसकी निघतात का? तुझ्या हिमांशूला विचारून कळव. तो नेमबाज आहे, त्याला यातलं समजतं. राज्याच्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली हे ऐकून नंदाबाईनं घरोघर साखर वाटली.

दसऱ्याला या. बंदुकीच्या पूजेनंतरचा सलामीचा बार यंदा हिमांशूनं उडवावा असं वाटते. माझे हात थरथरतात, आणि लोक बघतात.

माया कमी पडू देऊ नकोस.
बकाराम


गोंदिया
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप दादांस भोजराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. या वेळी एकाच पानाचं होतं म्हणून पूर्ण वाचलं. खरं सांगतो, तुमच्या पत्राचं पहिलं पान म्हणजे बातमी आणि दुसरं पान म्हणजे भीती. दुसरं मी कित्येक वर्षांपासून वाचत नाही. वहिनीला सांगू नका.

बारा बोअर घेऊ नका. तिचा धक्का बसला तर तुम्ही बांधीत पडाल, आणि डुक्कर तुम्हाला उचलून घरी आणून देईल. दुनळी घेतली तर दोनदा पडाल. हिमांशूला विचारलं तर तो हसतच सुटला. म्हणे, हातानं भरलेला बार भरणाऱ्याच्या स्वभावावर जातो. मोठेबाबांचा, म्हणजे तुमचा, छर्रा नळीतून बाहेर पडावं की नाही याचा आधी विचार करत असेल. त्याचं तसं नाही. त्याच्या गोळ्या एकीसारखी दुसरी, आणि निशाणाचा ठिपका नाण्याहून लहान. रायफलचं सारं वजन डाव्या हातावर तोलायचं असतं. त्याचे सर म्हणतात की असा डावा हात त्यांनी दुसऱ्या पोराचा बघितला नाही. नोव्हेंबरात स्पर्धा आहे. निघाला पुढं तर नोकरी पक्की समजा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतो. तुमच्या भरमारीची मजा यंदा तुमच्या वस्तीला, अख्ख्या टोलीला दाखवू. तुम्ही फक्त घाबरायचं काम करा, बाकी टेन्शन घेऊ नका.

लहान भावावर नजर असू द्या.
भोजराज


कोहमारा
२४ सप्टेंबर २०२५

चि. भोजराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं बारीक अक्षर मला लागत नाही, म्हणून पत्र नंदाबाईनं माझ्या कानाशी मोठ्यानं वाचून दाखवलं. डुकराच्या ओळीला तिलाही हसू आलं. हसू दे. बारा बोअरचा विचार सोडला.

तुम्ही या. हिमांशूला तिळाची चटणी आवडते, ती नंदाबाई करून ठेवते म्हणते. पूजेची तयारी झाली आहे. बंदुकीला लावायची हळद घरची दळली, तांदूळ निवडले. चैतरामची म्हैस व्याली. पाऊस लांबला, धान लोळायची भीती आहे. अंगणातल्या बाजेची एक दोरी तुटली आहे, तिच्यावर बसू नकोस.

(पान दुसरे)

आता महत्त्वाचं. दुसरं पान वाचत नाहीस हे तू थट्टेत लिहिलंस असं धरतो. बंदूक दरवर्षी दसऱ्याच्या सकाळी भरतो, हे तुला ठाऊक आहे. यंदा डुकरं अंगणापर्यंत आली, म्हणून मी ती आताच भरून माळ्यावर ठेवली आहे. टोपी बसवलेली नाही. भरमार एकदा भरली की उडवूनच रिकामी होते, म्हणून तीच दसऱ्याला उडवू. कोणालाही हात लावू देऊ नकोस, तूही लावू नकोस. बार ठासायच्या गजावर बाबांनी पाडलेली खाच तुला आठवत असेल. गज नळीत सोडला की रिकामी असल्यास खाच तोंडाशी येते. एक बार असला तर खाच चार बोटं वर राहते. मी मोजून पाहिलं आहे. चारच बोटं आहेत.

काळजी वाटते म्हणून लिहिलं. राग मानू नकोस.
बकाराम


नागपूर
९ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप दादांस नमस्कार.

हिमांशूच्या डाव्या हाताची तीन बोटं काढली. अंगठा राहिला आणि करंगळी. डॉक्टर म्हणाले की नशीब, डोळे वाचले. रायफलचं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मीच येडा आहे.

दादा, बंदूक भरलेली होती हे तुम्ही मला काऊन सांगितलं नाही? दरवर्षी ती दसऱ्याच्या सकाळपर्यंत रिकामी असते. त्या भरवशावर मी आदल्या दिवशी, तुम्ही वहिनीबरोबर धानाकडे गेला असताना, माळ्यावर चढलो आणि थोडी दारू, वर गुलाल आणि वरून चिंधी ठासली. पोरगा बार उडवेल, सगळ्यांच्या डोक्यावर गुलाल उडेल, टोली हसेल, एवढंच होतं. तुमच्या बारावर माझा बार बसला आणि नळी पोराच्या हातात फुटली. मला काय माहीत?

पोलीस विचारतील. बंदूक तुमची, परवाना तुमचा. म्हाताऱ्या माणसाच्या हातानं भीतीपायी दारू जास्त पडली, असं सांगा. तुम्हाला कोणी काही करणार नाही. पण पोराला गुलालाचं कळू देऊ नका. तो आधीच भिंतीकडे तोंड करून पडून असतो. त्याला बापाचा आधार राहू द्या.

तुमचाच,
भोजराज


कोहमारा
१६ ऑक्टोबर २०२५

चि. भोजराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचून घेतलं. नंदाबाईला वाचताना रडू आलं, म्हणून दुसऱ्यांदा चैतरामच्या सुनेकडून वाचून घेतलं. गुलालाच्या ओळी आणि पोलिसांचं सगळं नंदाबाईनं हातानं झाकून धरलं होतं.

त्या दिवशी टोपी बसवण्याआधी मी गज टाकून पाहिला. खाच चार बोटांवर पाहिजे होती, ती वीतभर वर होती. मी ओरडलो की बार नको, नळीत काहीतरी आहे. तू हसलास. नळीत काय आहे हे तुला ठाऊक होतं, म्हणून हसलास. सगळ्यांना म्हणालास की आमच्या दादाले चुलीतबी बार दिसते. टोली हसली. हिमांशू म्हणाला की मोठेबाबा, काळजीचं वेगळं लायसन काढा, आणि माझ्या हातातून बंदूक घेतली. मी सोडली नव्हती. माझ्या हातांत जोर नव्हता. टोपी तू बसवलीस.

पोलिसांना मी तू म्हणतोस तसंच सांगितलं. बंदूक जमा केली, परवाना गेला. टोलीतली पोरं आता मी दिसलो की दोन्ही कान झाकून पळतात. चैतरामनं बोलणं सोडलं आहे. म्हणतो, म्हाताऱ्यानं पोराच्या आयुष्याचा खेळ केला.

बंदूक भरलेली होती हे मी सांगितलं नाही, असं तू लिहितोस. लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर.

हिमांशूनं मला विचारलं तर काय सांगू, हे मला कळत नाही. तो विचारणार नाही असं बघ.

बकाराम


नागपूर
३ नोव्हेंबर २०२५

ती. मोठेबाबांस नमस्कार.

मीच लिहितो आहे, उजवा हात शाबूत आहे. आज माझी स्पर्धा होती. सरांनी माझ्या जागी दुसऱ्याला पाठवलं आणि मला कळवलंही नाही.

पप्पा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की तुम्ही भीतीपायी दुप्पट दारू भरली. मीही तेच मानत होतो. तुमचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं होतं, अजूनही बघावंसं वाटत नाही. पण परवा ड्रेसिंग करताना सिस्टर म्हणाल्या की रक्त काळं पडतं, हे गुलाबी काय आहे? उरलेल्या करंगळीच्या नखाखालचा रंग धुतला तरी जात नाही. पप्पांना विचारलं तर म्हणाले की पूजेचा गुलाल असेल. त्यानंतर ते दोन दिवस वॉर्डात आलेच नाहीत.

तुम्ही बंदुकीला गुलाल लावला होता का? एवढंच सांगा. बाकी काही नको.

हिमांशू


कोहमारा
१० नोव्हेंबर २०२५

चि. हिमांशू यास मोठेबाबाचे आशीर्वाद.

तू एकच विचारलंस, म्हणून एकच सांगतो. आपल्या घरी बंदुकीला हळद लावतात. तुझ्या आजोबांपासून हळदच. गुलाल आमच्या घरात येत नाही. नंदाबाईला त्यानं शिंका येतात, त्यामुळे होळीलाही आणत नाही. मी एक बार भरला होता, गजावर चार बोटांचा.

माझं तोंड बघू नकोस, तुझी मर्जी. नखाखालचा रंग खरवडू नकोस, नख वाढेल तसा तो आपोआप पुढं सरकेल.

पत्र मुद्दाम एकाच पानात बसवलं आहे. वाचून झालं की तुझ्या पप्पांकडे दे. पहिलं पान ते वाचतात.

माया होती तेवढीच आहे.
बकाराम