आक्काच्या गाईची पट्टी

३ एप्रिल, मंगळवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.
गुरांच्या दवाखान्यातला फ्रीज पुसत होतो, तेवढ्यात आक्काचा फोन. गाय पुन्हा उलटली, गाभ राहिलीच नाही! ही तिसरी खेप. भरवून आणली, दिवस मोजले, आणि आज परत माजावर. आक्का रडत नव्हती, पण बोलता बोलता थांबत होती. दाजी गेल्यापासून तिचं घर या एका गाईवर चालतं. वासरू नाही तर दूध नाही.
डॉक्टर म्हणाले, "माज ओसरू दे, मग आण. आतून तपासू."

९ एप्रिल, सोमवार.
गाय तपासली. लांब दांड्याचा ब्रश गर्भाशयात फिरवायचा, मिठाच्या पाण्यात घोळवायचा, त्या पाण्यात पट्टी बुडवायची. पट्टीचं काम माझं. गाय वरून ठणठणीत दिसते, पण आत छुपी सूज असली की पांढऱ्या पेशी जमतात. त्यांच्यातलं एन्झाइम पट्टीला जांभळी करतं. निरोगी असेल तर पट्टी पांढरीच राहते.
डॉक्टर हात धुताना म्हणाले, "गर्भाशयातल्या स्रावाला हलकं समजू नकोस. गर्भ भिंतीला चिकटेपर्यंत कशावर जगतो? त्यातल्या प्रथिनांवर. आईचं दूध नंतर, हे आधी."
मी हे मन लावून ऐकत होतो — आणि पट्टी जांभळी! दुसरी लावली. तीही तशीच, गडद.
"औषध देता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण खर्च आहे, चार महिने थांबायचं, आणि गाईचं वय झालंय."
आक्का डॉक्टरांकडे बघतच नव्हती. "तू सांग रे."
मी म्हणालो, "दोनदा बघितलं, आक्का. विक."
केवढ्या तोऱ्यात म्हणालो!

११ एप्रिल.
विकली. व्यापाऱ्याच्या टेम्पोत गाय चढेना. व्यापारी काठी शोधायला लागला. आक्का स्वतः आधी वर चढली, मग गाय तिच्यामागून चढली. आक्का एकटी खाली उतरली.
दोरी मी धरली होती.

१२ एप्रिल.
जेवण गेलं नाही. पट्टी खरी होती, मग मला चोरट्यासारखं का वाटतंय?

१६ एप्रिल, सोमवार.
आज आलेल्या चारही गाई जांभळ्या. डॉक्टर आधी हसले. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय की काय? काटेकोरपंत, पट्ट्या ठेवता कुठे?"
"फ्रीजमध्ये. उन्हाळा म्हणून."
त्यांचं हसू गेलं. डबी उघडली तर झाकणाला आतून दव. त्यांनी एक पट्टी नळाच्या साध्या पाण्यात बुडवली.
जांभळी.
"लस आहे का ती, थंड ठेवायला? ओल लागली की वाया जातात!" मग म्हणाले, "मीही डबी बघितली नाही."
कोणी सांगितलं नव्हतं फ्रीजमध्ये ठेवायला. मीच, काळजीपोटी. रोज बाहेर काढायची, पुसायची, परत आत. माझ्या काळजीला आग लागो!

१७ एप्रिल.
गाय आहे!! गाडी भरण्याइतकी गुरं जमली नव्हती म्हणून व्यापाऱ्याकडेच बांधलेली. डॉक्टर सोबत आले. नवी डबी, कोरडी पट्टी. मी श्वास रोखून बघत होतो. पांढरी. शेवटपर्यंत पांढरी.
"आतून स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "भरवायची वेळ चुकत असणार. पुढच्या माजाला मी स्वतः येतो."
व्यापारी म्हणाला, "शनिवारी सकाळी कत्तलखान्याची गाडी. तोवर दिलेले पैसे परत करा, गाय न्या. तुमच्या आक्कांचा चेहरा बघवत नव्हता हो."
पैसे आक्काकडेच आहेत. फक्त तिला सांगायचं — गाय चांगली होती, मी चुकलो.

१८ एप्रिल.
आक्काकडे गेलो. पाणी प्यालो. परत आलो.

१९ एप्रिल.
आज तिच्या दारापर्यंत. आत ती रिकामा गोठा झाडत होती. गाय नसताना कशाला झाडायचा? मी पाय वाजू न देता वळलो. भित्रा आहे मी. गाय विक म्हणायला मला एक क्षण लागला नव्हता.

२० एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळ.
गेलो. ठरवूनच गेलो, उंबऱ्यातच सांगून टाकायचं. पण आक्काच दार उघडून हसली — कितीतरी दिवसांनी. मला बसवलं. म्हणाली, "गुरांच्या तपासणीच्या वर्गाला तुझं नाव घातलं. शाळा सुटली तुझी, ते मला कायम लागून राहिलं होतं. त्या दिवशी तू दोनदा पट्टी लावून बघितलीस ना, तेव्हाच ठरवलं. गाईचे पैसे आले ते सगळे फीला भरले. परत मिळत नाहीत म्हणाले. म्हटलं, परत हवेत कुणाला?"
मी तोंड उघडलं.
"गप," आक्का म्हणाली. "बहिणीचे आभार मानतात का, वेड्या?"