काळजीचं स्पेलिंग

सोमवार, ४ मार्च
निर्णय झाला. घरात नवा राउटर आणि मोडेम येणार, आणि ते मी निवडणार. कन्येची पंधरा तारखेला, शुक्रवारी अकराला ऑनलाइन मुलाखत आहे. आधीच्या दोन मुलाखती आमच्या नेटनं गिळल्या. दुसऱ्या वेळी ती 'माझं बलस्थान म्हणजे' इथंच गोठली. मोबाइलला घरात एक काडी रेंज, तीही गॅलरीच्या कठड्यावरून वाकल्यास. कन्या म्हणाली, बाबा, कंपनीचाच डबा घ्या ना, त्यात दोन्ही असतं, लाइनमन फुकट बसवून देतो. मी हसलो. कारखान्याच्या खरेदी विभागात तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला फुकटचा डबा!

बुधवार, ६ मार्च
तुलना तक्ता तयार. अकरा राउटर, सतरा रकाने. कन्येनं विचारलं, यातला घेणार कुठला? घाईची पिढी.

शनिवार, ९ मार्च
राउटर आणला. आठ अँटेना. ही म्हणाली, उताणा पडलेला खेकडा दिसतोय. हिला यंत्रांतलं सौंदर्य कधी कळलंच नाही. जोडला. सगळे दिवे लागले, नेट नाही. लाइनमनला फोन केला. तो म्हणाला, काका, राउटर नेट घरभर वाटतो, पण ते घरात आणतो मोडेम. तो कुठाय? म्हटलं, बघून सांगतो. जुना मोडेम मी सकाळीच भंगारात दिला होता. नव्याला जागा नको?

सोमवार, ११ मार्च
मोडेम आणला. टेलिफोनच्या तारेचा निघाला, आमची लाइन फायबरची. दुकानदार परत घेईना, सील मी फोडलेलं. ही म्हणाली, नावातच मोडेम, तो धड कसा असणार? आणि स्वतःच पोट धरून हसली. मी मनावर घेतलं नाही. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, इतकंच.

बुधवार, १३ मार्च
योग्य मोडेम आला. लाइनमननं अर्ध्या तासात सगळं जुळवलं. जाताना म्हणाला, काका, आता याला हात लावू नका. नेट नुसतं पळतंय. कन्येनं मैत्रिणीशी व्हिडिओवर तासभर सराव केला. मला चक्क थँक यू म्हणाली. तक्त्याचा विजय.

गुरुवार, १४ मार्च, संध्याकाळी ६
एक गंभीर त्रुटी सापडली. लाइनमननं ठेवलेला पासवर्ड एक ते आठ आकडे. अख्खी बिल्डिंग आत शिरेल. बदलला. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी: 'काळजी नसावी'. हॅकरच्या बापालाही जमणार नाही. सगळ्यांचे फोन नेटवरून तुटले. कन्या म्हणाली, आत्ताच जोडून बघू. म्हटलं, सकाळी. एक संध्याकाळ आपसांत बोला. पासवर्ड कुठेही लिहिला नाही. सुरक्षेचा पहिला नियम.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळी १०.१०
'का'ला एक ए की दोन? 'जी'ला आय की डबल ई? 'ळ'ला इंग्रजीत अक्षरच नाही, मी त्याला एक एल दिला की दोन? ही एक सांगते, कन्या दुसरंच. आम्हा तिघांची काळजी वेगवेगळी निघाली. एकही लागू पडली नाही.

१०.३५
राउटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घातली. पासवर्ड पुसला गेला. लाइनमननं जुळवलेलंही सगळं पुसलं गेलं. तो फोन उचलत नाही. कन्येनं लॅपटॉप उचलला. चप्पल घातली आणि गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

११.१५
ती खाली टेलरबाईंच्या दुकानात आहे. कपडे घालून बघायच्या पडद्यामागे, स्टुलावर. टेलरबाईंकडे कंपनीचा फुकटचा डबा. त्यांनी शिलाई मशीन बंद ठेवलंय, तीन गिऱ्हाइकं गप्प बसवलीत. मी मदतीला आत शिरू लागलो, तर म्हणाल्या, दादा, तुम्ही बाहेरच बरे. पायरीवर बसून लिहितोय. आतून हसण्याचे आवाज येतायत. लक्षण चांगलं की वाईट, कळत नाही.

सोमवार, १८ मार्च
नोकरी लागली! हिला म्हटलं, मी म्हणालोच होतो. ही म्हणाली, कधी?

तपशील संध्याकाळी टेलरबाईंकडून कळला. मुलाखतीत विचारलं होतं, एखाद्या अवघड माणसाकडून वेळेत काम करून घ्यायची पाळी आली, तेव्हा काय केलंत? कन्या सलग बारा मिनिटं बोलली. पलीकडचे दोघे साहेब डोळे पुसत होते. थोडक्यात, या निवडीत माझा वाटा निर्णायक. तसं कन्येला बोलून दाखवलं, आणि वडिलांबद्दल एवढं सांगितल्याबद्दल आभारही मानले.

ती म्हणाली, वडील म्हणून नाही सांगितलं, बाबा. साहेबांना म्हटलं, एक व्हेंडर आहे, बदलता येत नाही.