चाकांची निवड अर्जदाराने केलेली नाही, याबाबत

दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. सहायक प्रादेशिक परिवहन अधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, नाशिक.

अर्जदार : शामसुंदर दत्तात्रेय गायधनी, वय ६१, व्यवसाय पौरोहित्य, राहणार पंचवटी, नाशिक.

विषय : नांदुरी घाटातील अपघाताच्या तपासणी अहवालातील ‘वाहनमालकाच्या पसंतीने बसवलेली चाके’ हे वाक्य दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस. वाहन क्रमांक व परवाना क्रमांक त्यात नमूद केल्याप्रमाणे.

महोदय,

नोटिशीत खुलासा थोडक्यात मागितला आहे. अर्जदाराने थोडक्यात लिहून पाहिले, पण त्यात खरे काहीच येईना. म्हणून सविस्तर लिहीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

१. अर्जदाराकडे एक छोटी मोटार आहे. दिंडोरी, वणी, पिंपळगाव या बाजूच्या यजमानांकडे पूजा सांगायला जाण्यासाठी ती घेतली. गाडीची मूळ लोखंडी चाके गंजू लागली, तेव्हा अलॉयची चाके बसवावीत असे घरात ठरले. अर्जदाराचा मुलगा चि. गौरांग यास या विषयाची फार आवड आहे. सजवलेल्या, बदल केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तो मोबाइलवर टाकतो आणि ते पुष्कळ लोक बघतात. एरवी बापलेकांत जेवणापुरते बोलणे. पण चाकांचा विषय निघाला आणि तो रोज संध्याकाळी अर्जदाराशेजारी येऊन बसू लागला. रिम किती रुंद असावी, नटांची छिद्रे कशी जुळावी लागतात, ऑफसेट म्हणजे चाक आत किती आणि बाहेर किती बसते, हे सर्व त्याने अर्जदारास शिकवले. अर्जदाराने मूळ मापाचीच, पंधरा इंची, साधी रुपेरी चाके पसंत केली. गौरांगला मोठी, काळी हवी होती. अर्जदार म्हणाला, “अरे, मी यजमानाच्या दारात जातो, शर्यतीला नाही.” तो हसला आणि म्हणाला, “बरं बाबा, तुमचीच ठेवू.” त्या संध्याकाळी अर्जदारास फार बरे वाटले होते. तपासाच्या दृष्टीने याचा उपयोग नाही, परंतु पुढचे समजण्यासाठी ते सांगणे भाग आहे.

२. अर्जदार एका वास्तुशांतीस गेला असता गौरांग गाडी घेऊन गेला आणि चाके बदलून आला. चाके काळी होती आणि मोठी दिसत होती. विचारले तेव्हा त्याने सांगितले, “बाबा, रुपेरी संपली होती. माप तेच आहे. डिझाइनमुळे मोठी वाटतात.” टायरच्या अंगावर माप लिहिलेले असते, हे अर्जदारास ठाऊक होते, मुलानेच शिकवले होते. तरीही अर्जदाराने वाकून वाचले नाही. पोटच्या मुलाने सांगितल्यावर वाकून आकडे तपासायचे नसतात, अशी अर्जदाराची समजूत होती. यास निष्काळजीपणा म्हणायचा असेल तर तो अर्जदारास मान्य आहे.

३. त्यानंतर खड्ड्यातून जाताना आणि पूर्ण वळण घेताना पुढच्या चाकातून खर्र असा आवाज येऊ लागला. त्यावर गौरांगचे उत्तर होते, “नवीन रबर आहे, बसेल हळूहळू.” अर्जदाराने तेही खरे मानले.

४. अपघाताच्या दिवशी अर्जदार, पत्नी सौ. गोदावरी आणि मागे एक वयस्क यजमान दांपत्य असे वणीच्या गडावर देवीदर्शनास निघाले होते. गाडी भरलेली होती. घाटात डावीकडच्या वळणावर पुढचा डावा टायर फुटला आणि गाडी कठड्याला जाऊन भिडली. वेग कमी होता, म्हणून मागच्या दोघांना खरचटलेही नाही. सौ. गोदावरी यांनी आधारासाठी हात पुढे धरला होता. त्यांचे उजवे मनगट मोडले. त्या पंचवटीतल्या घराघरांतल्या देवांची वस्त्रे शिवतात. बोटाएवढ्या बाळकृष्णाचा अंगरखासुद्धा त्या हाताने शिवत. प्लास्टर निघाले, पण सुई दोन बोटांत ठरत नाही.

५. आपल्या मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी पाहून अर्जदारास नीट समजावून सांगितले, त्याबद्दल आभारी आहे. चाके सतरा इंची होती. रिम रुंद आणि ऑफसेट वेगळा, त्यामुळे चाक बाहेर आले होते. गाडी भरली की टायर मडगार्डच्या काठाला घासे, आणि घासून घासून तो कापला गेला. अहवालातील या भागाबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही.

६. तक्रार त्यापुढील एका वाक्याची आहे. गौरांगने जबाबात लिहून दिले की, ‘वडिलांना मोठ्या चाकांची हौस होती. मी नको म्हणत होतो. त्यांच्या आग्रहावरून बसवली.’ खाली त्याची सही आहे. सही शाळेपासून तशीच आहे, म्हणून ओळखण्यात चूक नाही. जबाबाची प्रत वाचताना अर्जदार आपल्या कार्यालयातील बाकावर बसला होता. एका भल्या गृहस्थाने पाणी आणून दिले.

७. घरी येऊन अर्जदाराने मुलास विचारले. तो म्हणाला, “बाबा, चाकं दुकानदाराने मला व्हिडिओसाठी फुकट लावून दिली होती. माझ्या नावावर अपघात आला तर माझं पेज संपलं, कोणी उभं करणार नाही. तुमचं लायसन्स गेलं तर असं काय बिघडतं? तुम्हाला आता कुठे जायचंय?”

अर्जदाराने पाकिटातून परवाना काढून कपाटात ठेवला.

८. अर्जदाराचा मुद्दा परवान्याचा नाही. सौ. गोदावरी रुग्णालयात असतानाच गौरांगने त्यांनाही जबाबातलेच सांगितले होते. त्यांनी अर्जदारास विचारले, “अहो, या वयात चाकांची हौस कशाला हवी होती?” अर्जदार म्हणाला, “मी नाही निवडली.” त्या म्हणाल्या, “मग काय गौरांग खोटं बोलतो?” त्यांचा हात तेव्हा गळ्यात बांधलेला होता. मोडल्या हाताच्या बाईला मुलगाही खोटा निघाला हे त्याच दिवशी सांगावे, असे अर्जदारास वाटले नाही. पुढे सांगू म्हणून अर्जदार गप्प राहिला. तो गप्प राहिल्याचा अर्थ त्यांनी कबुली असा घेतला. नंतर दोनदा खरे सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, “आता पोरावर ढकलू नका.” त्या दिवसापासून त्या अर्जदारास वेळेवर जेवायला वाढतात, पण डाव्या हाताने वाढतात आणि बोलत नाहीत. संध्याकाळी त्या शिलाईचा डबा उघडून बसतात आणि काही वेळाने तो तसाच बंद करून ठेवतात.

९. पुरावा विचाराल तर नाही. जुनी चाके दुकानदाराने कोणास तरी देऊन टाकली. व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे. दुकानाचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण अर्जदारास कोणावर कारवाई नको आहे. मुलावर तर मुळीच नको. त्याच्या नावापुढे कोणताही शेरा मारू नये, ही वेगळी विनंती समजावी.

१०. सबब मागणे पुढीलप्रमाणे :

परवाना निलंबित करण्यास अर्जदाराची हरकत नाही. गाडी अर्जदार चालवत होता आणि पत्नी त्याच्या भरवशावर शेजारी बसली होती. मूळ परवाना अर्जासोबत जमा करीत आहे.

अहवालातील ‘वाहनमालकाच्या पसंतीने’ हे शब्द वगळावेत. त्याऐवजी ‘वाहनमालकास न कळवता’ असे लिहिता आले तर उपकार होतील. ते शक्य नसल्यास जागा कोरी ठेवावी.

आणि चि. गौरांग यास एकदा पुन्हा जबाबासाठी बोलवावे, सौ. गोदावरी यांनाही त्याच वेळी हजर ठेवावे, आणि चाके कोणी निवडली एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याने आईला घरी खोटे सांगितले आणि शासनाला कार्यालयात. आई समोर बसलेली असताना आणि साहेब लिहून घेत असताना त्याच्याने ते होणार नाही, असे अर्जदारास अजूनही वाटते. या वाटण्याला काही आधार नाही. तरी एवढी संधी त्यास द्यावी. त्याने तेथेही तेच सांगितले तर अर्जदार पुन्हा अर्ज करणार नाही. अहवाल आहे तसा कायम करावा.

सौ. गोदावरी यांना आणण्याची जबाबदारी मात्र अर्जदार घेऊ शकत नाही. त्या अर्जदाराच्या सांगण्यावरून कोठेही येणार नाहीत. तरी त्यांच्या नावाने नोटीस वेगळी काढावी. पत्ता तोच आहे.

आपला नम्र व आजपावेतो परवानाधारक,

(सही)
शामसुंदर दत्तात्रेय गायधनी

सोबत : १) कारणे दाखवा नोटिशीची प्रत. २) वाहन चालवण्याचा मूळ परवाना.