यमूच्या माशांचं पाणी

६ फेब्रुवारी १९३८, रवि.
डावी दाढ पुन्हा ठणकते. लवंग धरून बसलो, फरक नाही. यमू आजही गप्प. दिवाळीत तिची आई गेली तेव्हापासून एक शब्द नाही. सहा वर्षांची पोर. हाक मारली की वळून बघते, म्हणजे कान शाबूत. आक्का म्हणते, नजर. आक्काला पोट दुखलं तरी नजर, गाय आटली तरी नजर. पण विधुर भावासाठी सासरचं घर सोडून आली, तिला उलट बोलवत नाही. इथे लिहितो, तेवढंच.

दुपारी यमूला मिठागरावर नेलं, मी शेठकडे मेहता, म्हणजे कारकून, आहे तिथे. खाडीचं पाणी तळ्यात घेतो त्या उघाडीपाशी बसली, बारीक मासे बघत राहिली. उठायला तयार नाही. गोमा, राई गावचा आमचा जुना मिठागरी, म्हणाला, "मेहताजी, पोरीला घरी मासं ठेवा. बगत बसंल. बगता बगता बोलंल." सल्ला दिल्याशिवाय गोमाला अन्न पचत नाही. पण गोष्ट डोक्यात राहिली.

१३ फेब्रु., रवि.
पेटी झाली. शेठच्या कचेरीतल्या मोडक्या कपाटाच्या काचा, सागवानी चौकट. हातभर लांब, वीतभर खोल. राईच्या होडीवाल्या सुताराने फटींत राळ-तेल भरलं. पहिल्यांदा भरली ती सगळी गळली, आक्काचं वाळवण भिजलं, त्यावरून बोलणी खाल्ली. दुसऱ्यांदा टिकली. मुंबईला एका दुकानात काचेतले मासे पाहिले होते, त्यापुढे ही अगदीच गावठी. तरी खिडकीत ठेवल्यावर बरी दिसते. खिडकी पश्चिमेची. दुपारनंतर ऊन थेट आत येतं, पाणी झळकतं.

१६ फेब्रु.
गोमाने खाडीत पाग, फेकायचं जाळं, टाकून पाच मासे दिले. चार बोयची पिल्लं, करंगळीएवढी, आणि एक काळुंदर, चपटं, अंगावर काळे पट्टे. खाडीचं पाणी गढूळ, म्हणून तळ्यातलं निवळ आणून भरलं. खाऱ्या माशाला खारंच पाणी, एवढं मला कळतं.

यमू काचेला नाक लावून उभी. बराच वेळ. मग म्हणाली, "पाच."

साडेतीन महिन्यांनी. आक्का आत जाऊन रडली. मी ओटीवर येऊन उगाच वहाणा झटकत बसलो.

२३ फेब्रु.
काळुंदराचं नाव काळू. बोयांना नावं नाहीत, त्या सारख्या दिसतात म्हणे. हे सगळं यमूने गोमाला सांगितलं, मला नाही. माझ्याशी अजून मानेनेच. पूर्वी भाऊ, भाऊ करत माझ्या मागे असायची. असू दे.

माझ्या कोटाच्या खिशातली डिग्रीची नळी, पाण्याचा खारेपणा मोजायची, काढून बघत होती. पाण्यात सोडायची होती तिला. दिली नाही. काचेची आहे, आगराची आहे, फुटली तर शेठला काय सांगू. तोंड पाडून गेली.

२ मार्च
पेटीतलं पाणी आठवड्यात बोटभर उतरतं. गळत नाही, खाली कोरडं आहे. ऊन ओढतंय. आगराच्या वाफ्यांतलं पाणी असंच ओढलं गेलं तर शेठ खूश होतील. उतरलं की तळ्यातलं निवळ पाणी घालून पेटी काठोकाठ करतो. मला ते काम आवडायला लागलंय. यमू कळशीला हात लावते, दोघं मिळून ओततो.

९ मार्च
आगरावर मीठ धरलं. ढीग पांढरे झाले. शेठ येऊन गेले, दोन बोटांत मीठ चोळून बघितलं, मान डोलावली. म्हणाले, तुमच्याइतकं पाणी ओळखणारा माणूस नाही, मेहता. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती, खोटं कशाला लिहू.

१३ मार्च, रवि.
एक बोय मेली. सकाळी वर तरंगत होती. बाकीच्या वर येऊन तोंडं उघडतात, मिटतात.

यमू म्हणाली, "पाणी मागतायत."

मी म्हटलं, वेडी का तू, पाण्यातच तर आहेत. जरा मोठ्याने म्हटलं गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मेलेली बोय घेऊन तगरीखाली पुरायला गेली. जेवली नाही.

१४ मार्च
लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल. दिवाळीत यमूच्या आईला ताप होता तेव्हा वैद्यांनी पाणी बंद केलं होतं. तापात पाणी बाधतं म्हणाले. ती मागत होती. मी नको म्हणत होतो. दोन दिवस. ओठ चिकटले होते, शेवटी आवाज निघेना, नुसतं तोंड उघडायची. वैद्यांचं ऐकलं, माझ्या मनाचं काही केलं नाही, असं सगळ्यांना सांगत आलो.

त्या दोन दिवसांत यमू कुठे होती? आजवर हा विचारच केला नव्हता. दाराशी होती. उंबऱ्यावर.

२२ मार्च
काचेवर पाण्याच्या कडेने पांढरी रेघ उमटते. आक्का ओल्या फडक्याने पुसते, दोन दिवसांनी पुन्हा येते. पाण्याचा क्षार असेल.

दाढ काढावी लागणार.

३ एप्रिल, रवि.
आठवड्यात दोन बोया गेल्या. उरली एक आणि काळू. कारण सापडत नाही. आक्काच्या पिठाच्या गोळ्या बंद केल्या. माझी विडी ओटीवर. शेजारचं मांजर वर चढत होतं, तिकडे काटेरी फांदी लावली. ऊन फार लागत असेल म्हणून दुपारी पडदा लावतो, यमू तो काढते. तिला ते दिसायला हवेत. सारखे दिसायला हवेत, डोळा हलवला तर जातील असं काहीतरी तिच्या मनात बसलंय.

गोमाला नवीन मासे आणायला सांगतो म्हटलं. यमू म्हणाली, "नको. ते पण मागतील."

त्यानंतर दिवसभर बोलली नाही.

५ एप्रिल
बोलली नाही.

९ एप्रिल
शेवटची बोय गेली. यमूने पुरली नाही, हातात धरून बसली. मीच सोडवून घेतली. हात खारट, कोरडे, भेगाळलेले. आक्काने खोबरेल लावलं.

मला भीती वाटते. पोरीचं तोंड पुन्हा मिटलं तर या खेपेला उघडणार नाही. हे मी आक्काला म्हणू शकत नाही. आणि तो एवढासा काळा मासा गेला तर ते होणार, हे मला मिठागराचं पाणी कळावं इतकं स्वच्छ कळतं.

१७ एप्रिल, रवि.
काळू एका अंगावर कलून पोहतो. वर येतो, तोंड उघडतो. ताजं पाणी मिळावं म्हणून दोन कळशा जास्त आणल्या. तळ्यातलं, अगदी निवळ, तळ दिसेल असं. ओतताना यमू उभी होती. कळशीला हात लावला नाही.

२४ एप्रिल, रवि.


दुपारी आगरावरून आलो तर यमू स्टुलावर चढून पेटीपाशी. माझा कोट खाली पडलेला. डिग्रीची नळी तिने पेटीत सोडली होती. ओरडणार होतो. ओरडायच्या आधी खुणेकडे नजर गेली, सवयीने.

साडेसहा.

समुद्राचं पाणी तीन. तळ्यातलं, उन्हात राहून राहून, चारच्या वर. पंचविसाला मीठ धरतं. वीस वर्षं मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतो: ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही. उतरलं तेवढं खारं पाणी पुन्हा घाला, ते पाणी जातं, त्याचं मीठ राहतं. पुन्हा घाला, पुन्हा राहतं. याच्यावर माझं पोट चालतं. आणि माझ्या घरात, खिडकीत, वीतभर खोल पेटीत, दोन महिने मी मिठागर चालवलं. काचेवरची पांढरी रेघ जिभेवर घेतली. मीठच. आमचं, पहिल्या प्रतीचं.

पोरीने पहिली बोय मेली त्याच दिवशी सांगितलं होतं, पाणी मागतायत म्हणून.

विहिरीवर धावलो. गोडं पाणी घेऊन ओटीवर चढतोय तोच गोमा समोर. मी सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "येकदम वतू नका, मेहताजी. मरंल. पावसात खाडी गोडी व्हते, पन हलूहलू. वाटीवाटीनं घाला. येक वाटी काडा, येक घाला. घाई न्हाय."

घाई नाही. मासा आडवा पडलेला.

२५ एप्रिल
यमू आणि मी, आळीपाळीने. एक वाटी खारं काढायचं, एक वाटी विहिरीचं घालायचं, मग थांबायचं. आगरावर गेलो नाही, निरोप धाडला. शेठ काय म्हणायचं ते म्हणोत. संध्याकाळी नळीत सहा. काळू तळाशी. कल्ले हलतात.

यमू बोलत नाही. पण वाटी माझ्या हातात देते, हाताला हात लागतो.

२७ एप्रिल
साडेचार. काळू सकाळी दोनदा सरळ झाला, पुन्हा कलला. गोमा बघून गेला. सल्ला न देता गेला, हे मला आवडलं नाही.

संध्याकाळी यमूला कणकण. दोन दिवस पाण्यात हात, उन्हात बसणं. तेवढंच असेल.

२८ एप्रिल
तेवढंच नव्हतं. पहाटेपासून अंग तापलंय. हट्टाने अंथरूण खिडकीखाली घालायला लावलं. ओठ सुकलेत. सकाळपासून पाणी मागितलं नाही. एकदाही नाही. माझ्या हे दुपारी लक्षात आलं. पोर पाणी मागायचं नसतं असं शिकली आहे. आमच्याकडूनच.

पेला भरून आणला. आक्का दारात उभी राहिली. "विष्णू, वैद्यांना विचारल्याशिवाय पाणी देऊ नकोस हो."

"देणार," म्हटलं. आक्काला जन्मात पहिल्यांदा उलट बोललो. ती तोंडाला पदर लावून आत गेली. तिचं चुकतं असंही नाही. वैद्य शिकलेला माणूस, मी मिठाचा कारकून. माझं पाण्यातलं ज्ञान किती, ते खिडकीत दिसतंय. हे पाणी बाधलं तर ते मीच दिलेलं असेल.

पेला तिच्यासमोर धरला. तिने पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आवाज घोगरा आला.

"भाऊ, मला चालतं?"

"चालतं," म्हटलं.

अर्धा पेला प्यायली. मला वाटलं दमली. उठून बसली, स्टुलाला धरून उभी राहिली आणि उरलेलं अर्धं पेटीत ओतलं, हळूहळू, गोमाने सांगितलं तसं.

आता झोपली आहे. ताप आहे तसाच. काळू आडवाच आहे, तोंड हलतंय. वैद्यांकडे माणूस गेलाय, तो यायचाय. विहिरीवरून दोन कळशा भरून आणल्या, एक तिच्या उशाशी, एक पेटीपाशी ठेवली.