कुवेतची वेळ

रविवार, संध्याकाळ

भाई म्हणतो, लॅपटॉपवर जुने गेम खेळायचेत तर बायोसची, म्हणजे कन्सोल चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, फाइल नेटवरून उतरव आणि ते कन्सोलचं डबडं भंगारात घाल. नाही घालणार. अब्बांनी कुवेतहून आणलंय ते. खाऱ्या हवेने डिस्क वाचणारी लेन्स गेली, पण आतली चिप जिवंत आहे. आज त्यातूनच बायोस आणि सेटिंगच्या फायली पेनड्राइव्हवर काढून लॅपटॉपवरच्या इम्युलेटरला, कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, दिल्या. चालू झालं. त्यातलं घड्याळ मात्र अडीच तास मागे. म्हणजे अब्बांनी कुवेतच्या खोलीवर चालवून बघताना लावलेली वेळ. अब्बा गेले, तरी ती कुणी बदललीच नव्हती.

"आधी घड्याळ नीट कर," भाई म्हणाला.

"हात लावून बघ," मी म्हटलं.

हा वेडेपणा आहे का? असेल. अख्खं घर रत्नागिरीच्या वेळेवर चालतंच की. हे एक घड्याळ अब्बांच्या वेळेवर चालेल.